पहिली जागा घेण्यापूर्वी

मूर्तिजापूरच्या परिसरात जागेचा भाव नेहमीच वाटेच्या मागोमाग चालत आला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईस जाऊ लागला. पुढे मूर्तिजापुरातून अरुंद मापाचे दोन फाटे निघाले. एक ७६ किलोमीटरवरील अचलपूरला, दुसरा ११३ किलोमीटरवरील यवतमाळला. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीची ही गाडी लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून आपलीशी केली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने रेल्वेच्या आधाराने उभे राहिले आणि भोवतालच्या जागांना मोल आले.

त्याच शकुंतलेने नंतरच्या पिढीला वेगळा धडा दिला. २०१६ साली तिच्या ब्रॉडगेज रूपांतराची घोषणा झाली. घोषणेनंतर वर्षांमागून वर्षे गेली, दरम्यान छोटी गाडीही थांबली. पण ‘ब्रॉडगेज येणार’ हे वाक्य मात्र प्लॉटच्या सौद्यांत घासून गुळगुळीत झाले. याउलट अमरावती-अकोला महामार्ग. तोही वर्षानुवर्षे रखडला होता. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज पुस्तकात नोंद झाली. माना हे मूर्तिजापूर तालुक्यातलेच गाव. एका वाटेची घोषणा कागदावर राहिली, दुसरी वाट लोकांनी आशा सोडल्यावर पाच दिवसांत झाली. या दोहोंच्या भरवशावर जागा घेणाऱ्यांपैकी कोण शहाणा ठरला, हे घेण्याच्या दिवशी कोणालाच सांगता आले नसते.

जी योजना पूर्ण झाली, तिचेही वेळापत्रक पाहावे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची घोषणा २०१५ सालची. मूर्तिजापूरकरांना जवळच्या कारंजा लाडवरून जाणारा त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि सर्व ७०१ किलोमीटर पूर्ण व्हायला जून २०२५ उजाडला. सरकारने मनापासून मागे लागून पूर्ण केलेल्या कामालाही जर दहा वर्षे लागतात, तर घोषणेवर प्लॉट घेणाऱ्याने निदान तेवढी तयारी ठेवावयास हवी. “भाऊ, रोड पडला की डबल,” असे सांगणारा दलाल खोटे बोलत असतो असे नाही. रोड कधी पडेल आणि तोवर भाऊंच्या घरी पैशाची गरज पडणार नाही ना, हे दोन प्रश्न तो विचारत नाही, इतकेच. ते भाऊंनी स्वतःला विचारायचे असतात.

स्थावर मालमत्तेत प्रथमच पैसा घालू पाहणारी मंडळी बहुधा समोर आलेल्या जागेपासून विचार सुरू करतात. ओळखीच्या कोणाचा प्लॉट विकाऊ असतो, मेहुण्याने शेजारी घेतलेला असतो, आणि ‘संधी’ दोन दिवसांत निसटणार असते. विचाराची सुरुवात मात्र पैशापासून व्हावी. हा पैसा किती वर्षे अडकून पडला तरी घर अडणार नाही? या पैशातून दरमहा काही यायला हवे आहे, की उलट दरमहा त्यात काही घालण्याची ऐपत आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिली की पुढचे धोरण बरेचसे आपोआप ठरते. राहते घर, भाड्याचे घर वा दुकान, मोकळा प्लॉट आणि शेतजमीन यांना आपण एकाच नावाने ‘प्रॉपर्टी’ म्हणतो. पण पैशाच्या दृष्टीने त्यांचे स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

मोकळा प्लॉट आधी घेऊ, कारण तालुक्याच्या गावी गुंतवणूक म्हटली की प्रथम तोच डोळ्यांपुढे येतो. समजा, १० लाखांचा प्लॉट घेतला. मुद्रांक शुल्क गावाच्या वर्गानुसार साधारण ५ ते ७ टक्के पडते. मध्ये ६ धरू. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे खिशातून गेले १० लाख ७० हजार. हीच रक्कम ७ टक्क्यांनी चक्रवाढीने ठेवली असती, तर दहा वर्षांनी सुमारे २१ लाख झाली असती. प्लॉट विकताना नफ्यावर १२.५ टक्के दराने दीर्घ मुदतीचा भांडवली लाभकर द्यावा लागेल. तो देऊन हाती २१ लाख उरायचे, तर प्लॉट सुमारे साडेबावीस लाखांना विकला गेला पाहिजे, आणि त्यातही दलाली धरलेली नाही. ठेवीच्या व्याजावर दरवर्षी कर भरणाऱ्याच्या बाबतीत तुलना प्लॉटच्या बाजूने काहीशी झुकते, हे खरे. तरीही ‘दहा वर्षांत दुप्पट’ हे जे वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते, त्याचा अर्थ बहुतेकदा ‘ठेवीइतकेच’ असा निघतो. आणि ठेवीला कुंपण घालावे लागत नाही.

या हिशेबात मातीचा खर्चही आलेला नाही. वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर हलक्या पायाचे घर बांधले तर दोन-तीन वर्षांत भिंती तडकू लागतात. म्हणून पाया खोल न्यावा लागतो, मुरुमाचा भराव टाकावा लागतो, काही ठिकाणी खालच्या टोकाला फुगवटा दिलेले खांब जमिनीत उतरवावे लागतात. एखादा प्लॉट शेजारच्यापेक्षा स्वस्त का आहे, याचे उत्तर पुष्कळदा पावसाळ्यात तेथे जाऊन उभे राहिल्यावर मिळते. जागा उन्हाळ्यात दाखवली जाते. सौदा निदान एक पावसाळा पाहून करावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा मूर्तिजापूर तालुक्यातूनही जातो. या पट्ट्यातील भूजल खारट आहे. ‘फार्महाऊस’च्या कल्पनेने गावाबाहेर जागा घेणाऱ्याने बोअरचे पाणी शेजारच्या शेतात चाखून पाहिले नाही, तर झाडे लावण्याचे स्वप्न टँकरवर येऊन थांबते.

कागदपत्रांकडे वळताना या मातीतील एक हकीकत आठवावी. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे गाडगेबाबांचे आजोळ. त्यांचे बालपण तेथे गुरे राखण्यात आणि शेती कसण्यात गेले. मामांची शेती सावकारी कर्जापायी गेली, असे त्यांची चरित्रे सांगतात. जमीन गमावणारा माणूस आळशी नव्हता. कागद त्याच्या हातात नव्हता. आज सावकाराची जागा वेगळ्या मंडळींनी घेतली आहे, परंतु कागद न वाचता अंगठा उठवण्याची रीत सुशिक्षितांतही शाबूत आहे; अंगठ्याऐवजी सही असते, एवढाच फरक.

सर्वांत जास्त पैसा बुडतो तो मंजूर नसलेल्या लेआउटमध्ये. शेताचे नकाशावर तुकडे पाडायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि हजार-दीड हजार चौरस फुटांचे ‘प्लॉट’ इसारचिठ्ठीवर वा नोटरीच्या कागदावर विकायचे. घेणाऱ्याचे नाव सातबारावर येत नाही, आले तरी दहा जणांबरोबर सामाईक येते. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा याच प्रकाराच्या आड येतो. जुलै २०२१ च्या परिपत्रकाने अशा तुकड्यांची दस्तनोंदणी रोखली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये ते परिपत्रक रद्द केले, आणि २०२५ साली शासनाने नागरी क्षेत्रांतील जुने तुकडे नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. या उलटसुलट बातम्यांतून ‘आता सगळे मोकळे झाले’ असा समज पसरला आहे. तो फसवा आहे. तुकडा नियमित झाला म्हणून त्याला रस्ता मिळत नाही, गटार मिळत नाही, आणि रस्त्यासाठी सोडलेली जागा मूळ मालकाने पुन्हा विकलेली नाही याची हमीही मिळत नाही. नव्याने घेणाऱ्याने नगररचना विभागाने मंजूर केलेला नकाशा, अकृषिक परवानगीचा आदेश, आणि शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे काय, एवढे स्वतः जाऊन पाहावे. लेआउटची जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक आणि प्लॉट आठांहून अधिक असतील, तर तो प्रकल्प महारेरात नोंदलेला असणे बंधनकारक आहे. १ मे २०१७ पासून हा नियम आहे. फ्लॅटसाठीच रेरा असतो, हा समज गावोगाव आढळतो. लेआउटलाही तो तितकाच लागू आहे. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम विकासकाला घेता येत नाही.

जुन्या गावठाणातील वा बाजारपेठेतील जागेच्या बाबतीत सातबाराऐवजी आखीव पत्रिका पाहावी लागते. ती पाहताना ‘नझूल’ हा शब्द दिसला तर थांबावे. विदर्भातील अनेक शहरांत मोक्याच्या जागा नझुलाच्या, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत. पट्ट्याची मुदत संपलेली असणे, नूतनीकरण न होणे, अटींचा भंग झालेला असणे हे नित्याचे. नागपूर आणि अमरावती विभागांसाठी २०२४ साली विशेष अभय योजना आली आणि अधिमूल्य भरून अशा जागा पूर्ण मालकीच्या करून घेण्याची सोय झाली. ते अधिमूल्य विकणाऱ्याने भरायचे की घेणाऱ्याने, हे सौद्याच्या आधी लेखी ठरलेले असावे. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तेथेही हाच न्याय.

आणि सह्या. एकत्र कुटुंबाची जागा असेल तर भावांच्या सह्या घेऊन व्यवहार उरकण्याची जुनी सवय आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क दिला. वडील हयात असोत वा त्या तारखेपूर्वी वारलेले असोत, हा हक्क अबाधित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा लग्न होऊन जालना, नाशिक वा सोलापुरात नांदणाऱ्या बहिणीची सही आज राहिली, तर तिचा दावा वीस वर्षांनी घेणाऱ्याच्या दारात उभा राहू शकतो. बहिणीने चोळी-बांगडीवर हक्क सोडला, हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे.

इतके सगळे स्वतः तपासणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी एक सोपी कसोटी आहे. ही जागा तारण ठेवून राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देईल काय? बँकेच्या यादीवरील वकील गेल्या तीस वर्षांचे व्यवहार शोधून अहवाल देतो, मूल्यांकनकर्ता जागेवर जाऊन माप आणि भाव पाहतो. कर्जाची गरज नसली तरी हा शोध-अहवाल स्वखर्चाने करून घ्यावा. ‘येथे बँकेचे लोन होत नाही, पण कागद क्लिअर आहेत’ असे विकणारा म्हणत असेल, तर त्या वाक्याचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत.

भाड्याच्या मालमत्तेचा हिशेब थोडा वेगळा. समजा, ३० लाखांचे घर आहे आणि त्याचे भाडे महिना ७ हजार येते. वर्षाचे ८४ हजार. एखादा महिना घर रिकामे राहते, घरपट्टी भरावी लागते, रंग, नळ, मोटार यांचा खर्च निघतो. ६५ हजार हाती उरले तर तो सव्वादोन टक्क्यांच्या आत-बाहेरचा परतावा झाला. ज्याच्या त्याच्या गल्लीतील आकडे निराळे असतील, पण गणित याच पद्धतीने मांडावे. आयकरात भाड्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, हा थोडा दिलासा. दुकानाचे भाडे किमतीच्या मानाने सहसा बरे असते. परंतु दुकान रिकामे झाले की दोन-दोन हंगाम रिकामे राहते. बाजारपेठेत सलग तीन शटर बंद दिसत असतील, तर चौथ्याचा भाव विचारण्याआधी ते तीन का बंद आहेत हे विचारावे.

भाडेकरूची भीती वऱ्हाडात खोल रुजलेली आहे आणि तिला इतिहास आहे. येथे १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश अर्धशतक चालला. त्याखाली भाडेकरू काढणे इतके कठीण होते की अनेकांनी घरे कुलूपबंद ठेवणे पसंत केले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि लिव्ह अँड लायसन्स कराराला बळ आले. राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपूनही परवानाधारक घर सोडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येते. मात्र करार नोंदणीकृत हवा. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. मुदत कितीही असो, नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे.

कर्ज काढून भाड्याचे घर घ्यावे काय? २० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत; हप्ता येतो सुमारे १७,३५६ रुपये. भाडे ७ हजार आले तर दरमहा दहा हजारांहून अधिक रक्कम पदरची घालावी लागते. ती घालण्याची ऐपत असेल आणि घराचा भाव वाढत असेल, तर व्यवहार वाईट नाही. पण व्याजदर वीस वर्षे एका जागी बसत नाहीत. मे २०२२ मध्ये रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. ७ टक्क्यांचे कर्ज साडेनऊवर गेले, की याच २० लाखांचा हप्ता १५,५०० वरून १८,६०० च्या पुढे जातो. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले, हेही खरे. मधली वर्षे ज्यांनी काढली त्यांना ती काढावी लागलीच.

नोकरदाराला निदान दरमहा पगार मिळतो. व्यापारी कुटुंबाचे तसे नाही, आणि येथे थोडे थांबून विचार करणे अगत्याचे आहे. मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंजा या गावांतील कापड, किराणा, कृषी साहित्य वा सराफीचे दुकान असो, त्याचा गल्ला शेतकऱ्याच्या हातातील पैशावर चालतो. सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस घरी आल्यावर बाजार भरतो. उन्हाळ्यात लग्नसराईपुरता जीव धरतो. आषाढ-श्रावणात माशा मारण्याची वेळ येते. बँकेचा हप्ता मात्र पाऊस पडो न पडो, ठरल्या तारखेला येतो. त्यामुळे दुकानदाराने हप्त्याचा विचार वर्षाच्या सरासरीवर करू नये. सर्वांत मंद चार महिन्यांवर करावा, आणि आठ-दहा हप्त्यांइतकी रक्कम आधी बाजूला ठेवावी.

त्याहून गंभीर प्रकार कॅश क्रेडिटचा. दुकानाला मालासाठी मिळालेली २५ लाखांची मर्यादा असते. दिवाळीनंतर खात्यात पैसा खेळता असतो. त्याच सुमारास महामार्गालगतचा प्लॉट समोर येतो आणि ‘चार महिन्यांत विकून टाकू’ म्हणून १२ लाख तेथून उचलले जातात. पहिले चार महिने काहीच बिघडत नाही, म्हणून हा रोग लवकर कळत नाही. प्लॉट चार महिन्यांत विकला जात नाही. पुढच्या हंगामाला माल भरायची वेळ येते तेव्हा खात्यात जागा नसते. मग माल उधारीवर, चढ्या भावाने घ्यावा लागतो. घाऊक व्यापारी आधीचे मागू लागतो. बँकेला दिलेल्या साठ्याच्या पत्रकात आणि गोदामात अंतर पडते. बँक याला निधी अन्यत्र वळवणे म्हणते. मर्यादेबाहेर गेलेले खाते नव्वद दिवसांत नीट झाले नाही की ते अनुत्पादक ठरते, आणि दोन पिढ्यांनी कमावलेली पत एका प्लॉटपायी जाते. तो प्लॉट त्यावेळी विकायला काढावा तर गरजवंताला कोणी पूर्ण भाव देत नाही. व्यवसायाचा खेळता पैसा जमिनीत रोवू नये, याविषयी दुमत असण्याचे कारणच नाही. दुकानातून वर्षाअखेर निघालेला आणि कर भरून उरलेला नफाच जागेसाठी वापरावा, मग पहिली जागा पाच वर्षे उशिरा घेतली तरी हरकत नाही.

निवृत्तांचे चित्र निराळे. समजा, एका शिक्षक दांपत्याकडे निवृत्तीनंतर २८ लाख रुपये आहेत, राहते घर आहे आणि मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्यांच्यासमोर तीन वाटा मांडल्या जातात : महामार्गावर प्लॉट, अकोल्यात वा अमरावतीत भाड्याने देण्यासाठी फ्लॅट, किंवा मुलाच्या पुण्यातील घरासाठी मदत. या वयात पैशाकडून पहिली अपेक्षा नियमित उत्पन्नाची आणि आजारपणात हाती येण्याची असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाच्या नावे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के दराने २० लाखांवर दर तिमाहीस ४१ हजार मिळतात. फ्लॅटचे भाडे त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, आणि रुग्णालयात भरती होण्याच्या दिवशी फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. प्लॉट तर या वयात बहुधा नातवासाठीच असतो. उरलेल्या आठ लाखांतून मुलाला मदत करावीशी वाटली तर जरूर करावी. पण ती भेट आहे, उसनवार आहे की घरातील हिस्सा आहे, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. सून आणि मुलगी दोघींनाही ते ठाऊक असावे. घरातील पुढचे पुष्कळसे मनोमालिन्य या एका कागदाने टळते.

पुण्यातील त्या मुलाने मात्र गुंतवणुकीचा प्लॉट घेण्याआधी राहते घर घ्यावे, असे साधारणपणे म्हणता येईल. राहत्या घराचा परतावा भाडे वाचण्याच्या रूपाने पहिल्या महिन्यापासून मिळतो. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, पण मुद्रांक आणि नोंदणी सहसा त्यात धरली जात नाही. म्हणून हातात किमतीच्या १० नव्हे, निदान १७-१८ टक्के हवेत. घर वा सदनिका पत्नीच्या किंवा आईच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तिच्या नावे घर होण्याचे इतरही लाभ आहेत, ते प्रत्येक घराने आपापल्या परीने मोजावेत.

शेतजमिनीविषयी थोडक्यात. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आजोबांची शेती होती, पण आता कुटुंबात कोणाच्याच नावे सातबारा उरला नाही, अशी व्यापारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना ‘गड्याच्या नावाने घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बेनामी व्यवहार होय. २०१६ च्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते, आणि त्याआधी तो गडीच मालक म्हणून उभा राहू शकतो. करासंबंधी एक स्थानिक बाब लक्षात असावी. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आतील शेतजमीन विकल्यास भांडवली लाभकर लागतो, त्यापलीकडील ग्रामीण शेतजमिनीला तो लागत नाही. मूर्तिजापूर याच वर्गात मोडते.

चार मित्रांनी मिळून शेत घ्यायचे आणि लेआउट टाकायचा, हा प्रकार गुंतवणुकीत धरू नये. तो धंदा आहे. त्याला परवानग्या, भांडवल आणि पूर्ण वेळ लागतो. ज्यांना भाड्याचे उत्पन्न हवे पण भाडेकरू नको, त्यांच्यासाठी शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत. भारतात पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये नोंदला गेला. निदान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली व भाडे देणारी असणे आणि वाटपयोग्य रकमेपैकी ९० टक्के वाटणे त्यांना बंधनकारक आहे. एक युनिटही घेता येते. त्यांचे भाव मात्र शेअरसारखे रोज वर-खाली होतात, आणि ते पाहण्याची सवय नसलेल्याने थोडक्यापासून सुरुवात करावी.

व्यवहारातील रोखीचा भाग हा शेवटचा अडसर. जागेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. तो घेणाऱ्याला नव्हे, रक्कम स्वीकारणाऱ्याला होतो, म्हणून घेणारे निश्चिंत असतात. परंतु १८ लाखांच्या जागेचा दस्त १० लाखांचा झाला, तर उद्या विकताना खरेदीची किंमत १० लाखच धरली जाते आणि वरच्या ८ लाखांवरही नफा म्हणून कर लागतो. बँक कर्ज देते तेही दस्ताच्या किमतीवर. सौदा फिसकटला तर इसारचिठ्ठीवर लिहिलेली रक्कम तेवढी मागता येते, रोखीचा उल्लेखही करता येत नाही.

विक्रीपत्राची नोंदणी झाली की पेढे वाटले जातात आणि कागद कपाटात जातो. तेथून पुढे आणखी तीन कामे आहेत. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात फेरफार मंजूर होऊन सातबारावर वा आखीव पत्रिकेवर नाव आल्याची खात्री करावी. नगरपरिषदेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलून घ्यावे. आणि शासकीय मोजणी करून चारही कोपऱ्यांवर खुणा रोवाव्यात. तारेचे कुंपण दिवाळीपूर्वी झाले तर उत्तम, कारण पेरणी नसलेल्या मोकळ्या जागेत त्याच दिवसांत कोणाची तरी कडब्याची गंजी येऊन बसते, आणि पुढच्या वर्षी ती तेथेच असते.